वीर्यतपासणी: नमुना देण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

सूक्ष्मदर्शी

दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्या की पहिली सोनोग्राफी बायकोची, पहिली हार्मोन्स बायकोची. कधीकधी तर तिची लॅपरोस्कोपीही होऊन जाते आणि नवऱ्याची वीर्यतपासणी अजून व्हायचीच असते. हे उलटं चाललंय आणि ते थांबायला हवं. या तपासणीत सुई नाही, भूल नाही, खर्चही सगळ्यांत कमी. म्हणून पहिल्याच भेटीत ही तपासणी लिहून घ्या. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या.

पण नमुना चुकीचा दिला तर पुढचे सगळे आकडे चुकतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. संबंध, हस्तमैथुन, झोपेतलं स्खलन सगळं यात मोजायचं. २ दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर प्रमाण (एकूण किती मिलिलिटर वीर्य) आणि काउंट (एका मिलिलिटरमधले शुक्राणू) कमी येतात. ७ दिवसांच्या वर गेलं तर काउंट फुगतो, पण अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीत) साठून म्हातारे झालेले आणि मेलेले शुक्राणू वाढतात, त्यामुळे हालचाल कमी दिसते. दुसऱ्यांदा तपासणी करायची झाली तर पहिल्या वेळी जेवढे दिवस ठेवले होते तेवढेच ठेवा. नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही.

आधी लघवी करून घ्या, हात आणि लिंग साबणाने धुवा, पाण्याने साबण पूर्ण काढा आणि कोरडं करा. थुंकी, खोबरेल तेल, क्रीम, जेली यांतलं काहीही वापरायचं नाही. थुंकी आणि बाजारातल्या बहुतेक जेली शुक्राणूंची हालचाल मंदावतात. डबी लॅबने दिलेलीच घ्या: रुंद तोंडाची, निर्जंतुक, शुक्राणूंना अपाय न करणाऱ्या प्लास्टिकची. औषधाची रिकामी बाटली घरी उकळून आणू नका.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिला थेंब डबीबाहेर सांडू देऊ नका. सांडलाच तर लाज न बाळगता फॉर्मवर लिहा: ‘सुरुवातीचा भाग सांडला’. एवढ्या ओळीने रिपोर्टचा अर्थ बदलतो.

शेवगा२२

चांगला धागा. दोन प्रश्न. पहिला थेंबच का, शेवटचा सांडला तर चालतो का? आणि लॅबमधल्या त्या खोलीत बऱ्याच जणांना जमत नाही. घरून आणला तर?

पेशीजाल

पहिल्याचं उत्तर शरीररचनेत आहे. स्खलनात सगळे स्राव एकत्र मिसळून बाहेर येत नाहीत, ते क्रमाने येतात. आधी प्रोस्टेटचा स्राव आणि त्याबरोबर अधिवृषणातून शुक्रवाहिनीत (शुक्राणू वर नेणाऱ्या नळीत) आलेले शुक्राणू. त्यानंतर शुक्राशयांचा, म्हणजे प्रोस्टेटच्या मागच्या दोन ग्रंथींचा स्राव. एकूण वीर्यात दोन तृतीयांशाच्या आसपास द्रव शुक्राशयांचा असतो, प्रोस्टेटचा पाव भाग किंवा थोडा अधिक, आणि वृषण-अधिवृषणाकडून येणारा भाग अगदी थोडा. पण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागात असतात. शेवटचा अर्धा मिलिलिटर सांडला तर मुख्यतः शुक्राशयाचा द्रव जातो. पहिला अर्धा मिलिलिटर सांडला तर चांगला काउंट असलेला माणूस कागदावर आजारी ठरतो.

रिपोर्ट वाचताना दोन ग्रंथींमधला फरकही कामाला येतो. शुक्राशयाचा स्राव अल्कधर्मी असतो, त्यात फ्रुक्टोज असतं, आणि वीर्य गोठवणारं सेमिनोजेलिन हे प्रथिनही त्यातच असतं. प्रोस्टेटचा स्राव किंचित आम्लधर्मी असतो. त्यात झिंक, सिट्रिक आम्ल आणि ती गाठ विरघळवणारं पीएसए हे एन्झाइम असतं. हो, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्तात मोजतात तेच पीएसए. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट होतं आणि मग पातळ होतं, ते या दोघांमुळे. पुढे निल काउंटचा (वीर्यात एकही शुक्राणू नसण्याचा) विषय निघेल तेव्हा पीएच आणि फ्रुक्टोज हे दोन शब्द लक्षात असू द्या.

सूक्ष्मदर्शी

घरून आणलेला चालतो, पण अटी पाळून. स्खलनाची अचूक वेळ डबीवर लिहायची. अर्ध्या तासात लॅबला पोचणं उत्तम, कारण हालचालीची तपासणी एका तासाच्या आत व्हावीच लागते. वाटेत तापमान २० ते ३७ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवं. डबी झाकण घट्ट लावून शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायची. फ्रिजमध्ये नाही, बर्फात नाही, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. थंडी लागलेले शुक्राणू निपचित पडतात आणि ‘मोटिलिटी (हालचाल) १० टक्के’ असा रिपोर्ट हातात येतो.

नेहमीच्या कंडोममध्ये घेतलेला नमुना बाद. त्यातलं वंगण आणि रबर दोन्ही घातक. खास बिनविषारी कंडोम मिळतात, ते लॅबकडूनच मागून घ्यावे. संबंधादरम्यान बाहेर काढून डबीत घेणं ही पद्धतही नको, कारण पहिला भाग हमखास निसटतो आणि योनीतल्या पेशी-जंतू मिसळतात.

लॅबवाल्यांनीही थोडी माणुसकी दाखवावी. आतून कडी लागेल अशी खोली, हात धुवायला बेसिन आणि बाहेरून कुणी ‘झालं का?’ म्हणून दार वाजवणार नाही एवढी हमी पुरे असते.

चौकस

आत लॅबमध्ये नेमकं काय होतं ते लिहा ना. दोन लॅबचे आकडे इतके वेगळे का येतात हे कळत नाही.

सूक्ष्मदर्शी

लिहितो, जरा लांबेल.

नमुना आला की तो पातळ होण्याची वाट पाहायची. साधारण १५ ते ३० मिनिटांत होतो, ६० मिनिटांपर्यंत थांबतात. मधे साबुदाण्यासारखे दाणे दिसतात, ते नॉर्मल आहेत. एक तासानेही घट्ट राहिला तर तशी नोंद करायची. पातळ होणं आणि चिकटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ झालेला नमुनाही पिपेटमधून सोडताना तार धरू शकतो. २ सेंटिमीटरपेक्षा लांब तार म्हणजे चिकटपणा जास्त.

प्रमाण मोजताना सिरिंजमध्ये ओढून मोजायची सवय खूप ठिकाणी आहे. ती वाईट. डबीला आणि सिरिंजला चिकटून ०.३ ते ०.९ मिलिलिटर वीर्य हरवतं. १.६ मिलिलिटरचा माणूस सहज १.१ चा दिसतो. बरोबर पद्धत म्हणजे रिकामी डबी आधी वजन करून ठेवायची, नमुन्यासह पुन्हा वजन करायचं आणि १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर धरायचं.

मग डबी हलक्या हाताने फिरवून नमुना एकजीव करायचा आणि १० मायक्रोलिटरचा थेंब स्लाइडवर घेऊन २२ गुणिले २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप ठेवायची. थेंब आणि काच या मापाची असली की मधली जागा सुमारे २० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल राहते आणि शुक्राणूंना मोकळं पोहता येतं. अंदाजपंचे थेंब टाकला तर खोली कमी पडते, शेपट्या अडकतात आणि हालचाल खोटी कमी दिसते. कव्हरस्लिपच्या कडेपासून ५ मिलिमीटर आतलंच मोजायचं, कारण कडेला नमुना वाळत असतो.

हालचालीचे चार वर्ग: सेकंदाला २५ मायक्रॉन किंवा जास्त वेगाने पुढे जाणारे, ५ ते २५ च्या दरम्यान पुढे जाणारे, जागच्या जागी वळवळणारे आणि स्थिर. २०० शुक्राणू मोजायचे, मग दुसरी स्लाइड करून पुन्हा २००. दोन्हींत फार तफावत आली तर दोन्ही बाद, नव्याने करायचं.

आता काउंट. ५० मायक्रोलिटर वीर्य आणि ९५० मायक्रोलिटर द्रावण, म्हणजे १:२०. द्रावणात लिटरला ५० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि १० मिलिलिटर फॉर्मेलिन, त्याने शुक्राणू जागीच थांबतात. मिश्रण न्यूबॉअर चेंबरमध्ये (जाळी कोरलेल्या मोजणीच्या काचेत) भरून ओलसर डबीत १० ते १५ मिनिटं ठेवायचं, म्हणजे सगळे खाली बसतात. मधली जाळी १ मिलिमीटर चौरस आणि ०.१ मिलिमीटर खोल. १:२० वर त्या पूर्ण जाळीत ८० शुक्राणू दिसले तर काउंट मिलिलिटरला १६ मिलियन (१ मिलियन म्हणजे १० लाख).

चूक होते ती इथेच. ५० शुक्राणू मोजून आकडा लिहिला तर नुसत्या योगायोगाने तो २८ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. चेंबरच्या दोन्ही बाजू मिळून ४०० मोजले तर तीच चूक १० टक्क्यांवर येते. म्हणूनच ‘मागच्या महिन्यात १८ होता, आता १५ झाला, औषध लागू पडत नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. १८ आणि १५ हे मोजणीतल्या चुकीच्या आतले आकडे आहेत. रक्ताच्या पांढऱ्या पेशी मोजायच्या जुन्या काचेच्या पिपेटने वीर्य ओढलं तर आणखी गोंधळ, कारण चिकट द्रव तिच्यात मापाबरहुकूम येतच नाही.

निरांजन

मोजणीच्या दुसऱ्या एका काचेबद्दल, मॅक्लर चेंबरबद्दल थोडं. ती १० मायक्रॉन खोल असते, त्यात पातळ न करता थेंब ठेवायचा, १० चौकोनांतले शुक्राणू मोजायचे की तोच आकडा मिलियनमध्ये. आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी) लॅबमध्ये पटकन अंदाज घ्यायला सोयीची, पण ती आकडा वाढवून दाखवते आणि पोहणारे शुक्राणू मोजताना दुबार धरले जातात. निदानासाठी न्यूबॉअरच. दोन लॅबच्या रिपोर्टांत फरक दिसला की आधी चेंबर कुठली ते विचारा.

चौकस

आणि नॉर्मलचा आकडा? एका रिपोर्टवर ‘नॉर्मल ६० ते १५०’, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर १५ छापलंय.

निरांजन

जागतिक आरोग्य संघटनेची वीर्यतपासणीची पुस्तिका १९८० पासून निघते. १९९९ च्या आवृत्तीत २० मिलियन होतं, २०१० मध्ये १५, आणि २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत १६. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी चौकट बदललेली नसते, म्हणून हा घोळ. ६० ते १५० तर फारच जुनं.

२०२१ प्रमाणे खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिलिलिटर, काउंट मिलिलिटरला १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, पूर्ण स्खलनात ३९ मिलियन म्हणजे ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के.

हे आकडे आले कुठून ते समजून घ्या. ज्यांच्या जोडीदाराला १२ महिन्यांच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने घेतले, चढत्या क्रमाने लावले आणि खालच्या ५ टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे या रेघेखालचे ५ टक्के पुरुषही बाप झालेलेच होते! आणि रेघेवर असलेल्या प्रत्येकाला मूल होईलच असंही नाही. १४ आला म्हणून हाय खाऊ नका, ४० आला म्हणून बायकोवर दोष टाकू नका.

एकटा काउंट वाचणंही बरोबर नाही. प्रमाण गुणिले काउंट गुणिले हालचाल करा. ४ मिलिलिटर, १२ मिलियन, ५० टक्के: हलणारे एकूण २४ मिलियन. १ मिलिलिटर, ३० मिलियन, ४० टक्के: एकूण १२ मिलियन. कागदावर दुसऱ्याचा काउंट ‘नॉर्मल’ आणि पहिल्याचा ‘लो’. हाताशी शुक्राणू मात्र पहिल्याकडे दुप्पट.

मोगरा

‘नॉर्मल फॉर्म्स ३ टक्के, ॲबनॉर्मल ९७ टक्के’ असं वाचून लोकांची झोप उडते. मूल व्यंग घेऊन येईल का, असं विचारतात.

निरांजन

नाही. शुक्राणूचा आकार आणि बाळाचा आकार यांचा असा संबंध नाही. ९७ टक्के बिघडलेले म्हणजे ‘कडक निकषाला न उतरलेले’, एवढंच. स्लाइड रंगवून १००० पट मोठं करून बघतात. डोकं अंडाकृती, साधारण ४ मायक्रॉन लांब आणि पावणेतीन मायक्रॉन रुंद, डोक्याच्या ४० ते ७० टक्के भागावर ॲक्रोसोमची (बीजाचं आवरण भेदायला लागणारी) टोपी, मधला भाग डोक्याइतकाच लांब, शेपूट ४५ मायक्रॉनच्या आसपास. यातलं एक जरी सीमारेषेवर असलं तरी तो ॲबनॉर्मल. एवढ्या कडक परीक्षेत निरोगी माणसाचेही थोडेच पास होतात. बाकी सगळं ठीक असताना केवळ ३ टक्के आकारावरून थेट इक्सी (लॅबमध्ये एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं) सुचवणं बरोबर नाही.

अपवाद आहेत. सगळीच्या सगळी डोकी गोल आणि ॲक्रोसोम नसलेली असतील तर तो ग्लोबोझूस्पर्मिया. तिथे शुक्राणू बीजाच्या आवरणातून आत जाऊच शकत नाही. हा दुर्मीळ प्रकार आहे.

हालचाल शून्य आली तर ते मेलेत की नुसते हलत नाहीत हे बघायचं. इओसिन-निग्रोसिन रंगात मेलेल्यांची डोकी गुलाबी-लाल होतात, जिवंत पांढरी राहतात. जिवंत असून हलत नसतील तर शेपटीच्या रचनेत दोष. मेलेलेच असतील तर नमुना कसा घेतला, वाटेत काय झालं, किती दिवसांचं अंतर होतं हे आधी तपासा.

शेवगा२२

‘पस सेल्स १० ते १२’ लिहिलेलं असतं आणि लगेच तीन आठवडे अँटिबायोटिक.

कृष्णाकाठ

हे बंद व्हायला हवं, आणि जोर देऊन सांगतो. वीर्यात गोल पेशी दोन प्रकारच्या असतात: पांढऱ्या पेशी आणि शुक्राणू बनता बनता अर्धवट सुटलेल्या पेशी. रंग न देता दोन्ही सारख्याच दिसतात. सगळ्यांना ‘पस सेल्स’ म्हणून मोजलं की इन्फेक्शन नसताना औषधं सुरू होतात. पेरॉक्सिडेज रंग दिला की पांढऱ्या पेशी तपकिरी होतात, दुसऱ्या नाहीत. मिलिलिटरला १ मिलियनपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी असतील तरच पुढचा विचार. शिवाय ‘पर हाय पॉवर फील्ड १०-१२’ हा लघवीच्या रिपोर्टचा हिशोब आहे. वीर्यात मिलिलिटरमध्येच लिहायला हवं.

लघवीला जळजळ, वृषणात दुखणं, ताप अशी लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी. तिथे कल्चर करून औषध द्यावं.

शेवगा२२

निल काउंट आला तर पुढे काय? ‘दत्तक घ्या’ एवढंच ऐकून लोक दवाखान्यातून बाहेर पडतात.

कृष्णाकाठ

एका निल रिपोर्टवर कुणालाही असं सांगू नये. साधारण १०० पुरुषांत एकाला असं असतं आणि त्यातल्या अनेकांना स्वतःचं मूल होऊ शकतं. कारण कुठलं त्यावर सगळं अवलंबून.

आधी रिपोर्ट खरा आहे का ते बघा. एका थेंबात शुक्राणू दिसले नाहीत म्हणजे निल नव्हे. पूर्ण नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) जोराने १५ मिनिटं फिरवून तळाचा गाळ तपासावा लागतो. गाळात दहा-वीस शुक्राणू जरी सापडले तरी रोग्याचं भविष्य बदलतं, कारण इक्सीला एका बीजाला एकच शुक्राणू लागतो. १९९२ साली ब्रुसेल्सच्या गटाने इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जगापुढे मांडल्या तेव्हापासून या रोग्यांची वाटच बदलली. दुसरा नमुना घेऊनही खात्री करायची.

मग पेशीजाल यांनी सांगितलेले पीएच आणि फ्रुक्टोज. प्रमाण १ मिलिलिटरच्या आसपास किंवा कमी, पीएच ७.२ च्या खाली, फ्रुक्टोज निगेटिव्ह, याचा अर्थ शुक्राशयाचा द्रव येतच नाही, फक्त प्रोस्टेटचा येतोय. कारणं मुख्यतः दोन. एक, स्खलनवाहिनी बंद. दुसरं, जन्मतःच दोन्ही शुक्रवाहिन्या नसणं. दुसऱ्याचं निदान बोटांनी होतं. शुक्रवाहिनी अंडकोशाच्या वरच्या भागात जाड दोऱ्यासारखी कडक लागते, ती लागतच नाही. त्यासाठी एमआरआय लागत नाही, हात लावून तपासणारा डॉक्टर लागतो. अशा वेळी सीएफटीआर जनुकाची तपासणी नवरा-बायको दोघांचीही करावी, कारण त्याच जनुकातल्या दोषामुळे बाळाला सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार) होऊ शकतो. मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करावी, काहींना एक मूत्रपिंड नसतं. शुक्राणू तयार होत असतात, फक्त बाहेर यायला रस्ता नसतो. अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने काढून इक्सी करता येतं.

प्रमाण फारच कमी, काही थेंब, आणि माणसाला जुना मधुमेह आहे किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन-सिलोडोसिन चालू आहे, तर वीर्य उलटं मूत्राशयात जात असेल. आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, नमुना द्यायचा, लगेच दुसऱ्या डबीत लघवी करायची. त्या लघवीत शुक्राणू सापडले की निदान झालं. गोळीचं कारण असेल तर गोळी बदलून प्रश्न सुटतो. ती बदलायची मात्र डॉक्टरांनीच.

प्रमाण, पीएच सगळं नॉर्मल आणि शुक्राणू नाहीत, तेव्हा वृषणाची लांबी आणि रक्तातलं एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला सांगणारं, मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) बघायचं. वृषण लहान, ४.६ सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि एफएसएच ७.६ च्या वर, म्हणजे बहुधा उत्पादनातच अडचण. उलट असेल तर पुढे अडथळा असण्याची शक्यता जास्त. उत्पादनाची अडचण असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्रातल्या गळालेल्या तुकड्यांची तपासणी करूनच शस्त्रक्रियेचं ठरवायचं. ४७ एक्स-एक्स-वाय (एक एक्स गुणसूत्र जास्त) निघालं तर ते क्लाइनफेल्टर, त्यातही काहींच्या वृषणात शुक्राणू सापडतात. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा तुकडा पूर्ण गेलेला असेल तर वृषण उघडून शोधण्यात अर्थ नाही, माणसाला फुकट टाके पडतात. एझेडएफ-सी गेलेला असेल तर मायक्रो-टेसीत (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शुक्राणू शोधण्याच्या शस्त्रक्रियेत) मिळण्याची आशा असते, पण मुलगा झाला तर त्याच्याकडेही तो दोष जाईल हे आधी सांगायला हवं.

राहिला एक गट, जो सगळ्यांत बरा होणारा आणि तरी सुटून जाणारा: एफएसएच आणि एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) दोन्ही खूप कमी. इथे वृषण ठीक आहेत, मेंदूकडून हुकूमच येत नाही. दाढी-मिशी उशिरा, कधी वास न येणं असं सोबत असतं. एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं महिनोन्‌महिने, कधी वर्षभराच्या वर द्यावी लागतात. पण शुक्राणू येतात आणि कित्येकदा दिवस नैसर्गिकरीत्या राहतात. एफएसएच न बघता वृषणाची बायोप्सी करणं म्हणजे या रोग्यांवर अन्याय आहे.

मोगरा

‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉन घेतलं तर काउंट वाढतो ना?

पेशीजाल

शून्यावर येतो. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते आणि शुक्राणू बनायला ती लागते. बाहेरून इंजेक्शन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच-एफएसएच सोडणं थांबवतो आणि वृषणातला कारखाना बंद होतो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उत्तम आणि काउंट निल, असं चित्र दिसलं की व्यायामशाळेत घेतलेल्या इंजेक्शनांबद्दल विचारायलाच हवं. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट ६ ते १२ महिन्यांत परततो, काहींचा दोन वर्षं घेतो. मूल हवं असलेल्या पुरुषाला ‘थकवा आहे’ म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून देणं चूकच.

काळाचं गणितही लक्षात ठेवा. मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस, मग अधिवृषणातून पुढे सरकायला आणखी काही दिवस. म्हणजे आज डबीत आलेले शुक्राणू तीन महिन्यांपूर्वी घडायला लागले होते. मागच्या महिन्यात डेंग्यू किंवा टायफॉइडचा कडक ताप येऊन गेला असेल तर आजचा काउंट पडलेला असणारच. वृषणं शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावीत म्हणूनच बाहेर लोंबतात, ताप त्यांना सोसत नाही. अशा वेळी तीन महिने थांबून पुन्हा तपासा. नाहीतर औषध सुरू होतं, काउंट आपसूक परततो आणि श्रेय गोळीला जातं.

वयात आल्यावर झालेलं गालगुंड वृषणात उतरलं असेल, लहानपणी वृषण खाली उतरलं नसल्याने शस्त्रक्रिया झाली असेल, सल्फासलाझीनसारखं औषध चालू असेल, भट्टीजवळचं काम असेल, तर ते सगळं फॉर्मवर यायला हवं. तंबाखू-गुटखाही.

चौकस

मग महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्या, झिंक, फॉलिक?

निरांजन

अमेरिकेत झिंक आणि फॉलिक ॲसिडची चाचणी २,३७० जोडप्यांवर झाली, २०२० साली प्रसिद्ध झाली. जिवंत बाळं जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, काउंटमध्येही नाही. त्याच वर्षी आलेल्या मोक्सी नावाच्या चाचणीत अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणानेही शुक्राणू सुधारले नाहीत. महिना दोन-तीन हजार रुपये यावर जात असतील तर ते वाचवा. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर गोळ्यांत सहा महिने घालवणं हे पैशांपेक्षा मोठं नुकसान आहे.

कृष्णाकाठ

सहमत. त्याच ओघात व्हेरिकोसील. वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, बहुतेक डाव्या बाजूला. हाताला लागत असेल आणि काउंट कमी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, सुधारणा दिसायला ३ ते ६ महिने जातात. फक्त डॉपलर सोनोग्राफीवर दिसणारं, हाताला न लागणारं व्हेरिकोसील कापू नये. आणि काउंट नॉर्मल असेल तर मुळीच नाही.

मोगरा

रिपोर्ट कमी आला, कारण सापडलं नाही, तर आययूआय (धुतलेले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं) करायचं की सरळ आयव्हीएफ, हे कशावरून ठरतं?

निरांजन

वॉश केल्यानंतर हलणारे शुक्राणू किती उरतात त्यावर बरंच ठरतं. वॉशमध्ये घनतेच्या थरांवरून नमुना फिरवून मेलेले, पेशी आणि वीर्यातला द्रव बाजूला काढतात. उरलेले हलणारे ५ मिलियनच्या वर असतील तर आययूआय करून बघण्यासारखं असतं. त्याखाली यश कमी होत जातं, १ मिलियनच्या खाली आययूआयच्या फेऱ्या करत राहणं म्हणजे पैसा आणि महिने घालवणं. त्यासोबत बायकोचं वय आणि नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायचंच.

काउंट थोडाच कमी असेल आणि वय हाताशी असेल तर आधी संबंधांची वेळ सुधारा. दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस. बरेच जण १४ व्या दिवसासाठी दोन-दोन आठवडे ‘साठवून’ ठेवतात. त्याने मेलेले शुक्राणू साठतात आणि ज्यांची पाळी ३४ दिवसांची आहे त्यांचं बीज १४ व्या दिवशी सुटतही नाही, ते २० च्या आसपास सुटतं. पाळी संपल्यापासून दर दोन दिवसांनी संबंध, एवढं पुरतं.

शेवगा२२

कॅन्सरच्या उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवतात ते कसं? एका तरुणाच्या घरच्यांनी विचारलंय, केमो आठ दिवसांवर आहे.

निरांजन

मग आजच फोन करा, उद्यावर टाकू नका. केमोचा पहिला डोस जाण्याआधी नमुने घ्यायचे. डोस सुरू झाल्यावर घेतलेल्या शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते.

आठ दिवसांत दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन नमुने सहज होतात. एकच जमला तरी तो ठेवावा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) या रक्ततपासण्या पहिल्याच दिवशी करून घ्या, रिपोर्टशिवाय बँक नमुना मुख्य टाकीत ठेवत नाही. नमुन्यात गोठण-संरक्षक द्रावण मिसळून तो छोट्या व्हायलमध्ये वाटतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. सगळं एकाच व्हायलमध्ये ठेवू देऊ नका, कारण एकदा वितळवलेलं पुन्हा ठेवताना आणखी मरतात. वितळवल्यावर निम्म्याच्या आसपास हालचाल जाते, हे धरूनच व्हायल मोजा.

आजारपणामुळे काउंट आधीच कमी असेल, तरी ‘उपयोग नाही’ म्हणून परत पाठवू देऊ नका. इक्सीला थोडे पुरतात. नमुना देता येत नसेल किंवा निल आला तर केमोच्या आधीच वृषणातून घेता येतं, त्यासाठी ऑन्कोलॉजिस्ट आणि युरोलॉजिस्ट यांचं एकमेकांशी बोलणं आजच करून द्या. संमतिपत्रावर मुलाची स्वतःची सही, दरवर्षीच्या नूतनीकरणाची तारीख आणि बँकेला कळवायचा फोन नंबर बदलला तर कळवण्याची जबाबदारी कुणाची, हे लिहून घ्या.

शेवगा२२

फोन केला. उद्या सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. तीन दिवसांचं अंतर आहे, रक्त तिथेच घेणार आहेत.